गाणाऱ्या पक्ष्याची हिकमत

वेरूळच्या सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यासमोर, म्हणजे कैलासासमोर, उभे राहिले की पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की हे केले कोणी? वाटाड्या तत्काळ उत्तर देतो : राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवे शतक. उत्तर बरोबर आहे. पण ते खर्च कोणी केला याचे उत्तर आहे. छिन्नी कोणाच्या हातात होती, याचे ते उत्तर नव्हे. बडोद्याला सापडलेल्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात या देवळाचे वर्णन आले आहे. त्यात घडवणारा शिल्पी स्वतःच आपल्या कामाकडे पाहून थक्क होतो, हे आपल्या हातून झाले तरी कसे, असे म्हणतो. शिल्पी थक्क होतो एवढे ताम्रपट सांगतो. त्याचे नाव मात्र सांगत नाही.

नाव मराठी लोककथेने जपले. कृष्ण याज्ञवल्की यांच्या 'कथाकल्पतरू'त एलापूरच्या राजाची कथा आहे. राजा आजारी पडला, राणीने नवस केला, राजा बरा झाला. देवळाचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, हा राणीचा पण. पायापासून बांधत गेले तर शिखर दिसायला महिनेच्या महिने लागणार आणि तोवर राणी जगणार कशी? तेव्हा पैठणचा कोकास नावाचा कारागीर पुढे आला आणि त्याने डोंगर माथ्याकडून कोरायला घेतला. थोड्याच दिवसांत राणीला शिखर दिसले. कथा कथाच आहे, पण तिच्यात कामाची रीत अगदी बरोबर सांगितली आहे. कैलास खरोखरच वरून खाली कोरलेला आहे. अशा कथेमागे कोणीतरी कामाच्या जागी उभे राहिलेले माणूस असावे, असे आम्हाला नेहमी वाटते.

या कोकासाची आणखी एक ओळख आहे आणि आजच्या विषयाचा धागा तिथेच सुरू होतो. जुन्या जैन प्राकृत ग्रंथांतही एक कोक्कास येतो. 'वसुदेवहिंडी'त तो यवनांच्या देशात जाऊन यंत्रविद्या शिकून येतो. 'आवश्यकचूर्णी'त तो सोपाऱ्याचा सुतार आहे. म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, आपल्या कोकण किनाऱ्यावरचा. दुष्काळात तो उज्जैनला जातो. राजापर्यंत पोहोचण्याची ऐपत नाही, ओळख नाही. मग तो लाकडाची यांत्रिक कबुतरे करतो. ती रोज राजाच्या कोठारातला सुवासिक तांदूळ उचलून आणतात. पहारेकरी तक्रार घेऊन राजाकडे जातात आणि चोराचा शोध घेता घेता राजाला कारागीर सापडतो. वेरूळचा कोकास आणि कबुतरांचा कोक्कास एकच, असे आम्ही म्हणणार नाही. दोघांच्या काळात शतकांचे अंतर आहे. पण आपल्या मुलुखाने उत्तम कारागिराला जे नाव दिले, ते नाव बेजान पक्षी उडवणाऱ्या माणसाचे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बेजान पक्षी उडवावा, त्याहून अवघड म्हणजे त्याला गायला लावावे, ही हौस माणसाला फार जुनी. तिचे सर्वांत नाजूक फळ पाहायचे तर युरोपातल्या सोन्याच्या डब्यांकडे वळावे लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये, मुख्यतः जिनिव्हात, या डब्या होऊ लागल्या. तपकिरीच्या डबीएवढा, तळहातावर मावणारा आकार. अंगभर सोने, त्यावर निळ्या किंवा लाल पारदर्शक मीन्याचा थर आणि मधोमध अंडाकृती झाकण. बाजूची कळ सरकवली की झाकण टपकन उघडते आणि अंगठ्याच्या पेरापेक्षा फारसा मोठा नसलेला पक्षी उभा राहतो. पिसे खरी, बहुधा गुंजनपक्ष्याची. तो वळतो, पंख फडफडवतो, चोच उघडतो-मिटतो आणि पंधरा-वीस सेकंद गातो. सूर संपताच तो आडवा होऊन आत जातो आणि झाकण बंद. पाहणारा पुन्हा कळ दाबतो. दाबल्याशिवाय राहवतच नाही.

या डबीच्या पोटात काय असते? चावी दिलेली स्प्रिंग, शंकूच्या आकाराच्या चाकावर गुंडाळलेली केसासारखी बारीक साखळी, बोटभर भाता, एकच शिट्टी आणि कडेला चढउतार कापलेल्या पितळी चकत्यांची एक चवड. भाता शिट्टीला हवा पुरवतो. शिट्टीच्या नळीत एक दट्ट्या मागेपुढे सरकतो. दट्ट्या आत गेला की हवेचा स्तंभ आखूड होऊन सूर चढतो, बाहेर आला की उतरतो. तो किती आणि केव्हा सरकायचा हे चकतीच्या कडेवर आधीच लिहून ठेवलेले असते. दुसऱ्या चकत्या चोच, पंख, शेपूट हलवतात. याआधी फ्रान्समध्ये पिंजऱ्यातल्या कॅनरी पक्ष्याला धून शिकवण्यासाठी छोटी बाजापेटी वापरत. तिच्यात प्रत्येक सुराला वेगळी नळी लागे. तेवढ्या नळ्या डबीत मावणार कशा? १७८० च्या दशकात पिएर जाके-द्रो यांच्या कारखान्याच्या वर्तुळात सरकत्या दट्ट्याची एकच नळी वापरात आली. त्यामुळे पक्षी डबीत मावला. शिवाय सूर पायऱ्यांनी न चढता घसरत चढू लागला, म्हणजे जिवंत पक्ष्यासारखा.

पिएर जाके-द्रो (१७२१–१७९०) ला शो-द-फाँ गावचे घड्याळजी. १७५८ मध्ये ते आपली घड्याळे गाडीत घालून थेट माद्रिदला स्पेनच्या राजाकडे गेले. तिथे हलणारी-वाजणारी यंत्रे पाहून लोकांना जादूटोण्याचा संशय आला आणि धर्मन्यायालयाची भीती उभी राहिली, असे सांगतात. यंत्राला सैतानी म्हणणारे लोक फक्त आपल्याकडेच होते असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्यांचा मुलगा आंरी-लुई आणि मानसपुत्रासारखा भागीदार झाँ-फ्रेदेरिक लेशो यांच्यासह त्यांनी लिहिणारा, चित्र काढणारा आणि वाद्य वाजवणारी अशा तीन बाहुल्या केल्या. १७७४ मध्ये लोकांपुढे आलेल्या या बाहुल्या आज न्यूशातेलच्या संग्रहालयात आहेत आणि अजून चालतात. बाप १७९० मध्ये गेला, मुलगा १७९१ मध्ये. पुढे लेशो यांनी धंदा सांभाळला. पक्ष्यांचे यंत्र करण्यात झाकोब फ्रिझार आणि झू खोऱ्यातून आलेले रोशा बंधू यांचे नाव मोठे झाले.

पण डबी एका हाताची नसे. सोन्याचे कवच एकाचे, मीनाकाम दुसऱ्याचे, यंत्र तिसऱ्याचे, पिसे बसवणारा आणखी कोणी आणि विकणारा भलताच. मीना म्हणजे धातूंच्या भस्मांनी रंगवलेली काचेची पूड. ती सोन्यावर भरायची, आठशे अंशांच्या आसपास भट्टीत वितळवायची, थंड करायची, घासायची, पुन्हा भरायची. प्रत्येक भाजणीत तडा जाण्याची धास्ती. आपल्याकडच्या मीनाकाराला हे सांगावे लागणार नाही. लाल रंग सर्वांत शेवटी भाजावा लागतो हे तो बापाकडून शिकलेला असतो. जिनिव्हाच्या झाँ-लुई रिश्टरसारख्या एखाद्या मीना-चित्रकाराचे नाव राहिले. बाकीच्या कित्येक डब्यांवर कोणाची सही नाही. आतल्या पत्र्यावरचा इवलासा ठसा पाहून जाणकार कारागीर ओळखतात. वेरूळच्या ताम्रपटासारखेच हे. मालाचे दाम वाढत गेले, हातांची नावे पुसट होत गेली.

हा माल जात होता कुठे? युरोपच्या दरबारांत तर जातच होता, पण मोठी गिऱ्हाइके पूर्वेकडे होती : चीनचे बादशाही दरबार आणि इस्तंबूल. लंडनचे जेम्स कॉक्स यांच्यासारखे व्यापारी कँटनला असा माल पाठवीत. तुर्की बाजारासाठी केलेल्या घड्याळा-डब्यांवर माणसांच्या चेहऱ्याऐवजी फुले, वाद्ये आणि निसर्गदृश्ये रंगवीत, कारण गिऱ्हाइकाची आवड आणि अकीदा दोन्ही सांभाळायचे असत. म्हणजे अठराव्या शतकात उस्मानी सुलतान गाणारे पक्षी जिनिव्हाहून विकत घेत होते. आता नऊशे वर्षे मागे जा आणि उलटे चित्र पाहा.

इसवी सन ९१७. बगदादमध्ये खलिफा मुक्तदिर यांच्याकडे रूमच्या कैसराचे वकील आले. त्यांना दारुश्शजरा, म्हणजे वृक्षगृह, दाखवण्यात आले. स्वच्छ पाण्याच्या गोल हौदात पाच लाख दिरहम वजनाचे चांदीचे झाड, अठरा फांद्या, डहाळ्यांवर सोन्याचांदीचे पक्षी. आणि ते पक्षी शीळ घालत. खतीब बगदादी यांनी हे वर्णन नोंदवून ठेवले आहे. कैसराचे वकील चकित झाले, असे आपले लोक अभिमानाने सांगतात. खुद्द कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारातही सिंहासनाजवळ सोनेरी पक्ष्यांचे झाड होते, हे सांगायला ते विसरतात. विद्या दोन्हीकडे एकाच विहिरीतून आली होती. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पाण्याच्या दाबाने शिट्टी वाजवून पक्षी गायला लावण्याची रीत लिहून ठेवली होती. बिझँटियमच्या फिलोनचा वायुयंत्रांवरचा ग्रंथ तर आपल्यापर्यंत आला तो मुख्यत्वे अरबी भाषांतरामुळे.

बगदादच्या मुहम्मद, अहमद आणि हसन या तिघा भावांनी, बनू मूसांनी, नवव्या शतकाच्या मध्यास 'किताबुल हियल' लिहिले. त्यांचे वडील मूसा बिन शाकिर तरुणपणी खुरासानात वाटमारी करीत आणि पुढे ज्योतिर्विद झाले, असे सांगतात. मुले खलिफा मामून यांच्या आश्रयाने बैतुल हिकमतमध्ये वाढली. ग्रंथात शंभराच्या आसपास यंत्रे आहेत. याखेरीज या भावांनी आपोआप वाजणाऱ्या बासरीचेही वर्णन लिहिले : पाण्याने फिरणारा एक दंडगोल, त्यावर उंचवटे, आणि ते उंचवटे एकामागून एक बासरीची छिद्रे उघडत जातात. धून यंत्रावर लिहून ठेवायची, ही कल्पना तिथे स्पष्ट आहे. कॅनरीला शिकवणारी फ्रेंच बाजापेटी याच कल्पनेवर चालत होती.

आणि मग बदीउज्जमान इस्माईल अल्-जझरी. दियारबकरच्या अर्तुकी अमीरांच्या पदरी पंचवीस वर्षे काम केलेले कारागिरांचे प्रमुख. १२०६ मध्ये त्यांनी पन्नास यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. त्यातल्या गजघड्याळात हत्ती हिंदुस्थानचा, पाठीवर माहूत, सर्प चीनचे, आणि वरच्या घुमटावरचा पक्षी दर अर्ध्या तासाला फिरून शीळ घालतो. हत्तीच्या पोटात पाण्यावर तरंगणारे, बुडाला बारीक भोक असलेले वाडगे आहे. ते हळूहळू भरते आणि बुडाले की सारे यंत्र हलते. हे वाडगे म्हणजे आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घंगाळात सोडत ते घटिकापात्रच. दुसरे एक यंत्र वुजूचे आहे. नोकराने हातावर पाणी ओतावे हे अमिराला आवडेना, म्हणून जझरींनी पाणी ओतणारा पुतळा केला. आधी पक्षी शीळ घालतो, मग पाणी येते आणि शेवटी मोर मान खाली घालून सांडपाणी पिऊन टाकतो. वुजूसाठी केलेला हा गाणारा पक्षी आम्हाला सोन्याच्या डबीतल्या पक्ष्यापेक्षा अधिक जवळचा वाटतो.

जाके-द्रो यांनी जझरी वाचला होता, असे काही लोक भाषणांत ठोकून देतात. तसे म्हणू नये. अठराव्या शतकात त्या ग्रंथाचे छापील युरोपीय भाषांतर नव्हते. संपूर्ण इंग्रजी भाषांतर डोनाल्ड हिल यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. स्विस घड्याळजींनी स्वतःच्या बुद्धीने आणि बोटांनी काम केले आणि सरकत्या दट्ट्याची शिट्टी त्यांची आहे. आपले श्रेय खोट्या दाव्यावर उभे करण्याची गरज नाही.

जझरींचे खरे श्रेय ग्रंथाच्या नावातच आहे. इल्म आणि उपयोगी अमल यांचा मेळ, हियलच्या हुन्नरात : असा त्या नावाचा आशय. ते प्रत्येक भागाचे माप देतात, चित्र काढतात, ओतकाम कसे करावे ते सांगतात, आणि जे स्वतः करून पाहिले नाही त्यावर विसंबत नाहीत. याच्या शेजारी आपल्या माळव्यातल्या राजा भोजाचा अकराव्या शतकातला 'समरांगणसूत्रधार' ठेवून पाहा. त्यातही नाचणारे-गाणारे यांत्रिक पोपट आहेत, पण यंत्राची जुळणी मुद्दाम सांगितलेली नाही, गुप्तता राखण्यासाठी सांगितलेली नाही, असे ग्रंथ स्वतःच म्हणतो. भोजाला दोष देऊन आपली सुटका नाही. आपल्या किती उस्तादांनी मीन्याच्या रंगांचे प्रमाण, बिदरीच्या मातीची पारख कबरीत नेली? शागिर्दाला अखेरचा डाव शिकवायचा नाही, ही रीत सर्व जमातींत सारखीच चालली.

हियल या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. हियल हे हीला या शब्दाचे अनेकवचन. अरबीत अर्थ युक्ती, कल्पक यंत्र. उर्दूत आपण म्हणतो हीला-हवाला, मराठीत हिलेहवाले, म्हणजे टाळाटाळ! ज्या शब्दाने बगदादमध्ये विद्या ओळखली जाई, त्याच शब्दाने आपल्या घरात कामचुकारपणा ओळखला जातो. हिकमत या शब्दाचे नशीब बरे. मराठी माणूस आजही बिघडलेले इंजिन तारेच्या तुकड्याने चालू करणाऱ्याला हिकमती म्हणतो. आमच्या वर्गात शाळा सुटल्यावर गॅरेजवर जाणारी मुले आहेत. ती कार्बोरेटर डोळे मिटून उघडतात आणि विज्ञानाच्या पेपरात दबावाची व्याख्या चुकतात. घरचे म्हणतात पोराला इल्म येत नाही, हाताला काम लावा. गॅरेजवरचा उस्ताद म्हणतो पुस्तकाने नट उघडत नाही. जझरींनी ज्या दोन गोष्टींचा मेळ घातला, त्या या पोराच्या एकाच दिवसात दोन वेगळ्या ठिकाणी राहतात आणि एकमेकींचे तोंड पाहत नाहीत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. जिवंत प्राण्याची प्रतिमा करावी का? मुसव्विराला कयामतच्या दिवशी, जे घडवलेस त्यात प्राण फुंक, असे सांगितले जाईल, हा इशारा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. उलेमांनी यावर कडक आणि सौम्य अशी दोन्ही मते दिली आहेत. फतवा देणे आमचे काम नाही. पण कुरआनात सूरह आले-इम्रान आणि सूरह माइदामध्ये हजरत ईसा अलैहिस्सलाम यांच्या मातीच्या पक्ष्याचा उल्लेख आहे. त्यांनी फुंकर घातली आणि अल्लाहच्या हुकुमाने तो पक्षी झाला. अल्लाहच्या हुकुमाने, हे शब्द तिथे निर्णायक आहेत. डबीतल्या भात्याची फुंकर पंधरा सेकंदांत संपते. तिला प्राण कोणी म्हणत नाही. वेरूळबाबत आलमगीर बादशहांची साक्ष इथे आठवते. पलीकडेच खुलताबादेत उघड्या कबरीत ते विसावले आहेत. त्यांनी एका पत्रात या लेण्यांची तारीफ करताना ती खऱ्या कारागिराच्या, म्हणजे अल्लाहच्या, कारागिरीचे आश्चर्य म्हटली आहे. त्यांच्या नावाने आज दोन्ही बाजूंनी जे काही बोलले जाते, त्यात या पत्राचा उल्लेख फारसा कोणी करत नाही.

दख्खनमध्ये ही विद्या नव्हतीच असे नाही. मीर फतहुल्लाह शिराझी आधी विजापूरच्या आदिलशाहीत होते, मग १५८३ मध्ये अकबराकडे गेले. चालता चालता धान्य दळणारी गाडी त्यांची. खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी डोंगरातले पाणी भुयारी नहरींनी शहरात आणले. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येते, दाबाने भिंतीवर चढते, उंचावरून हौदात पडते आणि खालचे पाते फिरून जाते फिरते. यात्रेकरू, फकीर आणि तालिबे-इल्म यांचे पीठ त्यावर निघे. इथे सोने नाही, मीना नाही, पक्षीही नाही. पण बनू मूसांच्या बासरीला फिरवणारे पाणी ते हेच. टिपू सुलतानांच्या वाघातही, जो १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी लंडनला नेला, भाते आणि नळ्याच आहेत. मूठ फिरवली की खाली पडलेला गोरा शिपाई विव्हळतो आणि वाघ गुरगुरतो. सोन्याच्या डबीत आणि या वाघात यंत्राच्या दृष्टीने फार अंतर नाही. मनसुब्यात मात्र जमीन-अस्मानाचे आहे.

पुढे आपण गिऱ्हाईक झालो. मराठवाड्यातली कुटुंबे नातेवाइकांकडे हैदराबादला गेली की सालारजंग संग्रहालयातल्या घड्याळासमोर जाऊन बसतात. ते कलकत्त्याच्या कुक अँड केल्व्ही कंपनीचे. तास भरायला तीन मिनिटे असताना एक दाढीवाला बाहुला दार उघडून बाहेर येतो आणि तास वाजवून परत जातो. हे घड्याळ जमवणारे तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, १८८९ मध्ये पुण्यात जन्मले होते आणि आपल्याकडचे अजिंठा त्यांच्याच जहागिरीत मोडत होते. अजिंठ्याच्या रयतेचा सारा आणि घड्याळातला बाहुला यांचा हिशेब कोणी कधी मांडलेला नाही. गर्दीतली माणसे बाहुल्याकडे बघतात. आत काय आहे, असे विचारणारे पोर एखादेच निघते.

अशा पोरासाठी जिनिव्हाला जायची गरज नाही. महाशिवरात्रीला वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जत्रेत आणि खुलताबादच्या उरुसात जशा शेकडो वस्तू मांडलेल्या असतात, तशीच पाण्याची चिमणी कुठल्याही जत्रेत मिळते. पोटात पाणी भरायचे, शेपटीकडून फुंकायचे, की ती किलबिलते. कोरडी असताना फुंकली तर एकच सपाट सूर निघतो. पाणी घातले की फुंकरीने ते नळीच्या तोंडाशी हेलकावते, हवेचा स्तंभ आखूड-लांब होत राहतो आणि सूर थरथरतो. फ्रिझार आणि रोशा यांनी हे काम पितळी दट्ट्याकडून करून घेतले, इथे ते पाणीच करते. हेरॉनचा पक्षीही वर्गात होतो : प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला दोन भोके पाडायची, एकातून बुडापर्यंत जाणारे नरसाळे, दुसऱ्यात शिट्टी, आणि सांधे मेणाने बंद. नरसाळ्यात पाणी ओतले की बाटलीतली हवा शिट्टीवाटे बाहेर पडते. आमच्या सातवीच्या मुलांनी केली तेव्हा पहिल्यांदा वाजेना. गॅरेजवर जाणाऱ्या मुलाने बाटली कानाशी धरली, सांध्यातून हवा गळते आहे म्हणाला, खिशातून ट्यूबचे रबर काढून गुंडाळले आणि पुन्हा पाणी ओतायला सांगितले.